अक्षरांची नोंदवही

श्रोतेहो, लाकूड आगारात सागाच्या लठ्ठ्यावर नंबर घातलेला आपण पाहिला असेल. लाकडावर नुसता आकडा. त्याची सारी हकीकत नोंदवहीत. आता कोणी दुसऱ्याच आगाराची वही उघडून तो आकडा वाचू लागला, तर? सागाचा ऐन व्हायला वेळ लागणार नाही!

संगणकाचे असेच आहे. त्याला ‘क’ कळत नाही, कळतो आकडा. पूर्वी मराठी फाँट करणारा जो तो आपली वेगळी वही ठेवी. म्हणून एका ठिकाणी टाइप केलेला दाखला दुसरीकडे उघडला की अक्षरांच्या जागी किडेमुंग्या दिसत. १९९१ साली ‘यूनिकोड’ ही साऱ्या जगाची एक वही निघाली. देवनागरी तिच्यात पहिल्यापासून आहे.

मग अडचण कुठे आली? हे आकडे साठवण्याची आजची रूढ रीत म्हणजे ‘यूटीएफ-८’. तिच्यात इंग्रजी अक्षराला १ बाइट जागा लागते, देवनागरीला ३. गोंडी भाषेसाठी बालाघाटचे मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ साली केलेली लिपी २०१७ साली यूनिकोडमध्ये आली. तिच्या अक्षराला ४ बाइट लागतात. आणि ‘मायएसक्यूएल’ या माहितीकोठारातली ‘यूटीएफ८’ नावाची जुनी कणगी मुळी ३ बाइटांचीच! मराठी नाव तीत बसते. गोंडी लिपीतले नाव एकतर नाकारले जाते, नाहीतर त्याची प्रश्नचिन्हे होतात. एटापल्लीच्या पोराने हौसेने आपले नाव आपल्या लिपीत लिहावे, आणि परत काय मिळावे, तर प्रश्नचिन्हे!

उपाय सोपा आहे. २०१० पासून ४ बाइटांची ‘यूटीएफ८एमबी४’ ही कणगी मिळते, ती घ्यावी. शिवाय पान, वाटेतली जोडणी आणि कोठार, तिघांना एकच रीत स्पष्ट सांगावी.

गुरुजी, एक भेद ध्यानात ठेवा. चुकीच्या वहीतून वाचल्यामुळे झालेल्या किडेमुंग्या बहुधा सुधारता येतात, कारण मूळ आकडे शाबूत असतात. पण प्रश्नचिन्ह होऊन साठले, ते अक्षर गेलेच. म्हणून नवी प्रणाली आली की पहिल्याच दिवशी एक मराठी व एक गोंडी नाव भरा, जतन करा, पुन्हा उघडून पाहा. दोन्ही जशीच्या तशी दिसेपर्यंत हजेरीचा मूळ कागद टाकू नका.