आफ्रिका : कर्ता की कर्म?



मराठीच्या अध्यापकाने आफ्रिकेच्या राजकारणावर बोलावे, हे काहींना अनधिकार वाटेल. परंतु या विषयाला व्याकरणाचीही एक बाजू आहे. आफ्रिकेचा शोध लागला, वाटणी झाली, तिला मदत दिली गेली, अशी आपल्या वाक्यांची ठेवण असते. हा खंड वाक्यात येतो तो बहुधा कर्म होऊन. १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेत एकही आफ्रिकी प्रतिनिधी नव्हता, तेव्हा तेथपुरता हा प्रयोग यथार्थ मानू. पुढे मात्र तो आपल्याला चुकीचे शिकवतो.

औंधचे अप्पासाहेब पंत १९४८ मध्ये स्वतंत्र भारताचे आयुक्त म्हणून नैरोबीस गेले. त्यांचे वडील भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये नवी घटना देऊन संस्थानाची सत्ता प्रजेच्या स्वाधीन केली होती, आणि त्या प्रयोगात अप्पासाहेबांचा मोठा वाटा होता. राजघराण्यातील माणसाने सत्ता सोडता येते हे घरीच पाहिले होते. केनियातील गोऱ्या वसाहतवाल्यांना ते मान्य होणे शक्य नव्हते. पंतांनी आफ्रिकी नेत्यांशी स्नेह जोडला, तेथील विद्यार्थ्यांना भारतात शिष्यवृत्त्या मिळवून दिल्या, आणि भारतीय रहिवाशांनी आफ्रिकी जनतेच्या बाजूने उभे राहावे असा आग्रह धरला. ब्रिटिशांची नाराजी वाढत गेली आणि १९५४ मध्ये त्यांना तेथून निघावे लागले. आपण ही कथा मराठी माणसाचा पराक्रम म्हणून सांगतो, आणि तेथेच पुन्हा घसरतो. केनियाचे स्वातंत्र्य केनियाच्या लोकांनी १९६३ मध्ये मिळवले. पंत त्यांचे मित्र होते.

आपल्या अमरगोळच्या बाजार आवाराकडे पाहू. १८४० च्या दशकात इंग्रजांनी या जिल्ह्यात अमेरिकन कापसाचे बी रुजवले. 'धारवाड-अमेरिकन' ही जात त्यातूनच नावारूपाला आली. २००३ मध्ये बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार गरीब देशांनी जागतिक व्यापार संघटनेत तक्रार मांडली, की श्रीमंत देश आपल्या कापूस-उत्पादकांना अनुदाने देतात आणि जगभर भाव पाडतात. त्याच वर्षीची कानकूनची परिषद निष्फळ ठरली, तिच्या वादांत कापूस हा एक मोठा मुद्दा होता. येथील कापूसवाल्याच्या हिताचे गाऱ्हाणे मालीने मांडले होते. आपल्यापैकी किती जणांच्या ते कानी आले?

२०२३ मध्ये दिल्लीच्या शिखर परिषदेत आफ्रिकी महासंघ जी-२० चा सदस्य झाला. 'भारताने जागा मिळवून दिली' असे आपण अभिमानाने म्हटले. भारताने पुढाकार घेतला हे खरेच. पण मागणी महासंघाची होती, आणि सुरक्षा परिषदेबाबत तर ती आपल्यालाही अडचणीची ठरली आहे. २००५ मध्ये भारत, जपान, जर्मनी आणि ब्राझील नकाराधिकाराचा प्रश्न तूर्त बाजूला ठेवण्यास तयार होते. आफ्रिकेने दोन कायम जागा नकाराधिकारासह मागितल्या आणि त्या मागणीवरून ती हटली नाही. दोन्ही बाजूंचा मेळ बसला नाही.