सभागृहाला वळसा

आज कायद्याची पदवी घेतलेल्या मुलामुलींनो, तुमचं अभिनंदन. फी भरणाऱ्या आईबापांचं जरा जास्त.

माझी सगळी नोकरी विधानमंडळ सचिवालयात गेली, त्यातली बरीचशी समिती कक्षात. ‘सचिव दौऱ्यावर आहेत’ हे वाक्य तिथे इतकं ऐकलंय, की मंत्रालयात दौऱ्याचा स्वतंत्र विभाग असावा अशी मला शंका येई. एकदा एका खात्याने समितीपुढे उपसचिवांना पाठवलं, तेही आकड्यांशिवाय. आमचे समितीप्रमुख तालुक्याच्या गावचे, शिक्षण बेताचं. म्हणाले, “चहा घ्या नि निघा. ज्यांची सही आहे त्यांना पाठवा.” पुढच्या बैठकीला सचिव फाइल घेऊन हजर! असे समितीप्रमुख पुढे फार भेटले नाहीत. गणपूर्तीसाठी आमदार निवासात फोन करण्यातच आमची दुपार जायची. सरकार शिरजोर होतं त्याला सभागृहाचा आळसही कारण आहे, हे आमच्याकडे कोणी मोठ्याने बोलत नसे.

पण आळस वेगळा आणि वळसा वेगळा. अधिवेशन संस्थगित होतं आणि आठवड्याभरात वटहुकूम निघतो. हे मी पाहिलंय. मग आठवडाभर आधी काय झोपला होतात? लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर सत्ताधारी पक्षाचेच. तरी 1954 साली त्यांनी थेट नेहरूंना पत्र लिहून वटहुकुमांवर आक्षेप घेतला होता.

अधिवेशन भरल्यापासून सहा आठवड्यांत वटहुकूम संपतो, हे तुम्ही 213व्या अनुच्छेदात वाचलं असेल. बिहारने त्यावर तोड काढली. संपला की तोच पुन्हा काढायचा. 1967 ते 1981 या काळात 256 वटहुकूम निघाले आणि उसाविषयीचा एक तर जवळजवळ 14 वर्षं जगवला. हे कोणी उजेडात आणलं? पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधले अर्थशास्त्राचे प्राध्यापक डी. सी. वाधवा यांनी. त्यांनी राजपत्रं चाळली, पुस्तक लिहिलं, सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1986 मध्ये जिंकले. त्या राज्यात वकील काय कमी होते? राग येतो तो याचाच.

बरं, निकालानंतर तरी? तीनच वर्षांनी, 1989 मध्ये, त्याच बिहारने खासगी संस्कृत शाळा वटहुकुमाने ताब्यात घेतल्या. तो पुन्हापुन्हा काढला, सभागृहापुढे एकदाही ठेवला नाही. सात न्यायाधीशांच्या पीठाने हे संविधानाशी कपट असल्याचं पुन्हा सांगितलं, तेव्हा 2017 उजाडलं होतं.

म्हणून न्यायालयाच्या भरवशावर राहू नका. तुमच्यातले काही जण विधी व न्याय विभागात जातील. वटहुकुमाचा मसुदा टेबलावर येईल, सोबत ‘वरून घाई आहे’ असा निरोपही. मसुद्याला हात लावण्याआधी खात्याकडून एवढं लेखी मागा: विधेयक अधिवेशनात का आणता येत नाही?