उठबस: आजी, मी आणि घरातली फरशी

आजचा एपिसोड छोटा आहे, पण तो मी तीन वेळा रेकॉर्ड केलाय. कारण यात चूक माझीच आहे, आणि ती नीट सांगायची होती.

माझी आजी ७६ वर्षांची. आयुष्य गेलं कराडजवळच्या गावात. आजोबा गेल्यावर आम्ही तिला पुण्याला आणलं. मी नुकताच नोकरीला लागलो होतो, हातात पगार होता, आणि आजीसाठी सगळं करायचं असं ठरवलं होतं. उंच पलंग घेतला. कमोड होताच. जेवायला टेबल. देवघर भिंतीवर वर लावलं, म्हणजे पूजा उभ्यानं होईल. ती भाजी निवडायला खाली बसायला लागली की मी ओरडायचो, "अगं आजी, खुर्ची आहे ना! गुडघे दुखतील." ती गुपचूप खुर्चीत बसायची.

दीड वर्षानंतरची गोष्ट. मी संध्याकाळी साडेपाचला घरी आलो, तर आजी पलंगाशेजारी फरशीवर बसलेली. दुपारी तीनपासून. फोन हॉलमध्ये चार्जिंगला. मी घाबरून विचारलं, "कुठं लागलं?" तर म्हणाली, "पडले नाही रे, नुसती घसरून बसले. पण उठताच येईना."

खरंच काही लागलं नव्हतं. एक्स-रे चांगला, बीपी ठीक. डॉक्टरांनी फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. त्यांचा पहिलाच प्रश्न, "आजी दिवसातून किती वेळा खाली बसतात?" मी अभिमानानं म्हणालो, "एकदाही नाही मॅडम, सगळी सोय केलीय." त्या शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे सराव बंद केलात."

हे वाक्य मला फार लागलं. कारण हिशोब सोपा आहे. गावात आजी चुलीपुढे बसायची, जेवायला बसायची, निवडायला, पूजेला, गप्पा मारायला बसायची. दिवसातून वीस-पंचवीस वेळा खाली बसून उठायची. कुणी त्याला व्यायाम म्हणत नव्हतं. आपल्या भाषेत त्याला शब्द आहे, उठबस. मी प्रेमापोटी तिची उठबसच काढून घेतली.

आता थोडं विज्ञान. तिशीनंतर आपले स्नायू हळूहळू कमी व्हायला लागतात, साठीनंतर वेग वाढतो. आणि जो स्नायू वापरात नाही, तो आधी जातो. खाली बसून उठायला मांड्या, कंबर, पोट, तोल, सगळं एकदम लागतं.

ब्राझीलच्या डॉ. क्लॉडिओ गिल अराउजो यांच्या टीमनं यावर एक साधी चाचणी केली. जमिनीवर बसा आणि उठा. बसायला ५ गुण, उठायला ५. हात किंवा गुडघा टेकला की प्रत्येक वेळी १ गुण वजा, तोल गेला की अर्धा. ५१ ते ८० वयाच्या २००२ लोकांवरचा त्यांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचे गुण कमी, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. याचा अर्थ हात टेकला म्हणून माणूस मरतो असा नाही हं! गाडीचा इंडिकेटर लागतो तसं ते आहे. आतली ताकद कमी होतेय, एवढंच तो सांगतो.

मी घरी करून बघितलं. वय २८, घड्याळात रोज आठ हजार पावलं. गुण आले साडेसात. उठताना गुडघाही टेकला आणि हातही. साहजिक आहे म्हणा, आमच्या स्टँड-अप मीटिंगलासुद्धा आम्ही बसूनच असतो. चालणं चांगलंच, पण तेवढं पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस बघा. मोठ्या माणसांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल असं चालणं-फिरणं करावं, शिवाय दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. ६५ च्या पुढे तीन दिवस ताकद आणि तोल दोन्हीचा.

"आता या वयात काय होणार?" असं बाबा म्हणाले होते. १९९० मध्ये बोस्टनमध्ये वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम दिला होता. व्यायाम पूर्ण करणाऱ्यांची पायातली ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. म्हणजे होतं!

आजीचं असं सुरू झालं. भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीतून पाच वेळा उठायचं, आधी हात धरून, मग न धरता. ओटा धरून टाचा उचलायच्या. ओटा धरूनच एका पायावर दहा आकडे. जेवणात उसळ आणि दही वाढवलं, कारण रात्री ती नुसत्या चहा-बिस्किटावर झोपायची, आणि स्नायूंना प्रथिनं लागतात. शेवटी फरशीवरून उठणं: कुशीवर वळायचं, हात-गुडघ्यांवर यायचं, रांगत पलंगापर्यंत जायचं, पलंगावर दोन्ही हात ठेवायचे, एक पाऊल पुढे रोवायचं आणि उठायचं. बाजूला कुणीतरी हवंच. गुडघ्याचं किंवा खुब्याचं ऑपरेशन झालं असेल, चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

चार महिने लागले. आता आजी भाजी खाली बसून निवडते आणि पलंगाच्या कडेला धरून उठते. मी मदतीला हात पुढे केला की म्हणते, "थांब, मला उठू दे." मी थांबतो. अजून जड जातं, पण थांबतो.

तर आज दोनच कामं. रात्रीचं जेवण खाली बसून करा, आणि उठताना कुठं कुठं हात टेकला ते बघा. दुसरं, घरी फोन लावा आणि आजी-आजोबांना, आईबाबांना विचारा, "शेवटचं खाली कधी बसला होता?" उत्तर लगेच आलं नाही, तर पुढच्या सुट्टीत त्यांच्यासोबत बसा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!