ऐन वेळी मोटारसायकल पंक्चर झाली तर...

(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



पेरणी, तण आणि खते शिकवणारा माणूस पंक्चरवर काय बोलणार, असे आपल्याला वाटेल. पण आज दुधाचे कॅन, भाजीचे क्रेट, बियाण्याची पिशवी, फवारणीचा पंप हे सारे मोटारसायकलवरूनच जाते. संकलन केंद्राची वेळ टळली की सकाळचे दूध परत येते आणि उन्हाळ्यात थंड न केलेले दूध फार वेळ टिकत नाही. भाजी उशिरा पोहोचली तर लिलाव उरकलेला असतो. पंक्चर मात्र नेमके शेताच्या वाटेवर होते, जिथे दुकान नसते. म्हणून हे काम घरातल्या एकाला तरी आलेच पाहिजे.

आज मी ट्यूब असलेल्या चाकाविषयी बोलतो. आऱ्यांच्या चाकात सहसा ट्यूब असते. ट्यूबलेस टायरची दुरुस्ती निराळी असून ती बाहेरून चिकट पट्टी भरून होते.

गाडीत ठेवावयाचे साहित्य

दोन टायर लिव्हर, ठिगळे (पॅच), सोल्यूशनची नळी, पॉलिश पेपरचा तुकडा, व्हॉल्वची पिन काढण्याची चावी, पाना, पक्कड, स्वच्छ फडके आणि हातपंप. सायकलच्या पंपाचे तोंड मोटारसायकलच्या व्हॉल्वला बसतेच असे नाही. ते घरीच लावून पाहावे. एकदा उघडलेली सोल्यूशनची नळी वाळते, म्हणून दर हंगामाच्या आरंभी ती तपासावी.

पहिली गोष्ट : गाडी दामटू नका

हवा गेल्याचे जाणवताच वेग हळूहळू कमी करून थांबावे. "केंद्र जवळच आहे, जाऊ तसेच" म्हणून गाडी पुढे दामटली, तर टायर रिमवर सरकते आणि ट्यूब व्हॉल्वच्या बुडाशी फाटते. तिथे ठिगळ बसत नाही. दहा मिनिटांच्या घाईत नवी ट्यूब घ्यावी लागते. ओझे उतरवून कॅन सावलीत ठेवावेत, त्यांवर ओले पोते टाकावे आणि गाडी कडक जमिनीवर मधल्या स्टँडवर घ्यावी.

छिद्र शोधणे

चाक हळूहळू फिरवून काटा किंवा खिळा दिसतो का ते पाहावे. सापडल्यास लगेच उपटू नये; त्या जागी खडूने खूण करावी. काट्याची जागा कळली तर मागचे चाक न काढताही काम होते; साखळी व ब्रेकला हात लावावा लागत नाही.

पिन काढून सगळी हवा सोडावी व व्हॉल्वचा नट काढावा. टायरची कड पायाने दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलावी, म्हणजे ती सैल होते. व्हॉल्वजवळून लिव्हर घालून थोडी थोडी कड बाहेर घ्यावी. विळा, खुरपे किंवा स्क्रू ड्रायव्हर वापरू नये, ट्यूब कापली जाते. कड घट्ट वाटली तर साबणाचे पाणी लावावे. तेल किंवा ग्रीस लावल्यास रबर खराब होते.

ट्यूब बाहेर ओढून थोडी हवा भरावी. पाण्याची बादली असेल तर बुडबुडे दिसतात. नसेल तर गालाजवळ धरल्यास हवेचा झोत लागतो. छिद्राभोवती ठिगळापेक्षा मोठे वर्तुळ बॉलपेनने काढावे. शेजारी शेजारी दोन छिद्रे असतील तर काटा नव्हे, कमी हवा हे कारण समजावे. खड्ड्यात ट्यूब रिमला चिमटून अशी छिद्रे पडतात.

ठिगळ लावणे

ट्यूब कोरडी करून हवा सोडावी. वर्तुळातील भाग पॉलिश पेपरने खरखरीत करून धूळ पुसावी. सोल्यूशनचा पातळ थर लावावा आणि मग थांबावे. बहुतेक ठिगळे इथेच फसतात. ओल्या सोल्यूशनवर ठिगळ दाबले तर ते वर तरंगते आणि हवा भरताच सुटते. चार-पाच मिनिटांनी चकाकी गेली की कागद काढून ठिगळ ठेवावे, मध्यापासून कडेकडे जोराने दाबावे आणि पान्याच्या दांड्याने रगडावे. लवकर वाळावे म्हणून तोंडाने फुंकू नये, ओल धरते. जवळ विडी-काडी पेटवू नये. सोल्यूशन पेट घेते.

काटा राहिला तर?

ठिगळ वाळेपर्यंत टायर तपासावे. बाभळीचा काटा बाहेरून मोडतो, पण टोक टायरमध्ये राहते. तो तसाच राहिला तर नवे ठिगळ लावूनही दोन किलोमीटरवर गाडी पुन्हा बसते. बोटे घालून चाचपू नये. कापसाचा बोळा टायरच्या आतून फिरवावा; टोक असेल तिथे कापूस अडकतो. मग पक्कडीने काटा उपटावा.

पुन्हा बसविणे

ट्यूब आकार घेईल इतपतच हवा भरून आत सारावी, व्हॉल्व सरळ ठेवावा. कड हाताने व पायाने बसवीत यावे आणि शेवट व्हॉल्वजवळ करावा. व्हॉल्व एकदा आत दाबून सोडावा, म्हणजे ट्यूब कडेखाली अडकत नाही. अर्धी हवा भरून टायर सगळीकडे सारखे बसले का ते पाहून मग पुरती भरावी. हवेचा दाब गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो; ओझे असल्यास मागच्या चाकाला जास्त लागतो. जवळच्या दुकानात पोहोचताच तो मोजून घ्यावा.

आता माझ्या विषयाचे दोन शब्द

कुंपणासाठी बाभळीच्या फांद्या तोडल्या की वाट झाडून घ्यावी. बांधावरचा सराटा फळे धरण्यापूर्वीच उपटावा. मुलांच्या सायकली त्यानेच पंक्चर होतात. आणि घरी एखाद्या निवांत दुपारी जुन्या ट्यूबवर ठिगळ लावून पाहावे. मुलांना आणि घरातल्या बायकांनाही ते शिकवावे, कारण गाडी आज तेही चालवतात. रस्त्यावर हात थरथरतात, सराव असेल तर थरथरत नाहीत.