अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेनंतर

आज बहुतेक कुटुंबांत हर्निया या नांवानें ओळखला जाणारा अंतर्गळाचा विकार नवा नाहीं. सुश्रुतसंहितेंत त्याचें वर्णन अंत्रवृद्धि या नांवानें आलें आहे. आणि भारी ओझें वाहणें, आपल्याहून बलवानाशीं झुंज घेणें, झाडावरून पडणें हीं त्याचीं कारणें तेथें सांगितलीं आहेत. पोटाची भिंत जेथें दुबळी असते, तेथून आंतील चरबी किंवा आंतड्याचा वेढा बाहेर डोकावूं लागतो, एवढीच या विकाराची मूळ हकीकत. जांघेंत हा प्रकार फार आढळतो, आणि तोही स्त्रियांपेक्षां पुरुषांत पुष्कळ अधिक. प्रौढ माणसाच्या पोटाच्या भिंतीला पडलेलें हें खिंडार औषधानें बुजत नाहीं आणि पट्ट्यानेंही बुजत नाहीं. तें बुजवावयाचें तर शस्त्रक्रियाच करावी लागते.

ही शस्त्रक्रिया बहुधा तास-दीड तासांत आटोपते. तिच्या मागून येणारे सहा आठवडे मात्र शल्यवैद्यापेक्षां रोग्याच्या व त्याच्या घरच्या माणसांच्या हातीं अधिक असतात. या काळांत दोन प्रकारच्या चुका होतात. कोणी भीतीपोटीं अंथरुणाला खिळून राहतो. तर कोणी, दुखणें थांबलें म्हणजे जखम भरली असें समजून, पंधरवडा उलटण्याच्या आंतच पाण्यानें भरलेली बादली उचलतो.

पहिल्या चुकीला जुन्या प्रघाताचा आधार आहे. इटलींतील पादुआ येथील एदोआर्दो बास्सिनी यांनीं १८८७ सालीं जांघेंतील दुबळी भिंत थराथरानें शिवण्याची आपली पद्धति प्रसिद्ध केली, आणि या शस्त्रक्रियेला पक्का शास्त्रीय पाया मिळाला. तरी पुढें कित्येक वर्षें रोग्याला दीर्घकाळ निजवून ठेवण्याची चाल होती; हालचाल झाली कीं शिवण उसवेल, अशी समजूत. या समजुतीला कॅनडांतील अर्ल शोल्डाइस यांनीं धक्का दिला. १९४५ सालीं त्यांनीं टोरांटो येथें अंतर्गळासाठीं स्वतंत्र रुग्णालय काढलें, आणि शस्त्रक्रिया होतांच रोग्यानें उठून चालावें असा परिपाठ घातला. पुढें १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील आयर्विंग लिख्टेनस्टाइन यांनीं, स्नायूंवर ताण न देतां, कृत्रिम धाग्यांची जाळी बसविण्याची पद्धति रूढ केली. पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांनीं २००१ सालीं प्रसिद्ध केलेल्या पद्धतींत तर जाळीऐवजीं रोग्याच्याच स्नायूच्या आवरणाची एक पट्टी दुबळ्या जागीं शिवतात. निरनिराळ्या देशांतील शल्यवैद्यांनीं मिळून २०१८ सालीं ज्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या, त्यांचा कलही स्पष्ट आहे: जांघेंतील साध्या अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेनंतर रोग्यानें सोसेल तसतसें आपल्या नित्य व्यवहाराकडे लवकर वळावें.

चालण्यावर एवढा भर कां, हें समजून घेण्याजोगें आहे. निजून राहणाऱ्याच्या पायांतील रक्ताचा वेग मंदावतो आणि शिरांत गुठळी होण्याचा संभव वाढतो. फुप्फुसांच्या तळाशीं कफ सांचतो. आंतडीं सुस्त होऊन मलावरोध होतो. घरांतल्या घरांत घातलेल्या चार फेऱ्या हा या तिन्ही आपत्तींवरील उतारा होय. अंथरुणांतून उठतांना मात्र एकदम सरळ उठून बसूं नये. आधीं कुशीवर वळावें, पाय पलंगाखालीं सोडावे आणि हाताच्या रेट्यानें उठावें, म्हणजे पोटावर ताण पडत नाहीं.

आतां दुसरी चूक, घाईची. वरचें कातडें आठ-दहा दिवसांत जुळतें, म्हणून आंतील थरही तितकेच जुळले असें वाटतें. पण तसें नसतें. तीन आठवड्यांच्या सुमारास भरत्या जखमेची मजबुती मूळ शक्तीच्या सुमारें पांचव्या हिश्शाइतकीच असते. तीन महिन्यांनीं ती तीन-चतुर्थांशांच्या आसपास पोंचते. जाळी बसविली असल्यास तिच्या छिद्रांतून शरीराचे तंतु विणले जाण्यासही कांहीं आठवडे लागतात. जड ओझ्यासाठीं बहुतेक शल्यवैद्य चार ते सहा आठवड्यांची मुदत घालतात ती यामुळेंच. जुन्या शस्त्रक्रियेच्या व्रणांतून मोठा अंतर्गळ उद्भवला असेल तर ही मुदत वाढते. दुर्बिणीच्या साहाय्यानें लहान छिद्रांतून काम झालें असेल तर रोगी बहुधा लवकर हिंडूंफिरूं लागतो.

ओझें म्हणजे किती, याचा घरगुती हिशेब सोपा आहे. लिटरभर पाणी एक किलो भरतें. तेव्हां १५ लिटरची बादली म्हणजे १५ किलो. स्वयंपाकाच्या गॅसच्या सिलिंडरांत १४.२ किलो वायु असतो, आणि लोखंडासकट त्याचें वजन ३० किलोंच्या घरांत जातें. दोन वर्षांचें नातवंडही १०-१२ किलोंचें असतें. पण आजोबा त्याला ओझें समजत नाहींत, हीच खरी अडचण! त्यांनीं नातवंडाला मांडीवर जरूर घ्यावें. जमिनीवरून उचलून खांद्यावर घेण्याचा बेत मात्र पुढें ढकलावा.

ओझ्याहूनही मोठे शत्रु आपल्या पावलांनीं घरांत येतात. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत निरोगी तरुणांच्या पोटांतील दाब निरनिराळ्या हालचालींच्या वेळीं मोजला, तेव्हां सर्वांत अधिक दाब उडी मारतांना आणि खोकतांना आढळला. शौचाच्या वेळीं कुंथण्यानेंही पोटाच्या भिंतीवर असाच भार येतो. म्हणून विडी-सिगारेट शस्त्रक्रियेच्या आधींच सोडावी. पाणी, पालेभाज्या व फळें यांत कसूर करूं नये. आणि खोकला आलाच तर जखमेवर उशी दाबून धरून खोकावें.

व्यायामाचा क्रम पायरीपायरीनें ठेवावा. पहिल्या आठवड्यांत चालणें, दीर्घ श्वसन आणि जिन्याची सावकाश चढउतार पुरे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यांत चालण्याचें अंतर वाढवावें. बैठें काम करणाऱ्यास या सुमारास बहुधा कचेरींत जातां येतें. मोटार चालविण्यापूर्वीं, ब्रेकवर एकाएकीं जोरानें पाय देतां येतो आणि कळ येत नाहीं, याची खात्री करून घ्यावी. पोहणें जखम पूर्ण सुकल्यावरच. सूर्यनमस्कार आणि बैठका चार ते सहा आठवड्यांनंतर, शल्यवैद्याच्या संमतीनें, थोड्या संख्येनें सुरू कराव्या. जोर, मल्लखांब, कुस्ती व वजनें उचलणें त्याहूनही मागाहून. जोर लावतांना श्वास कोंडूं नये, तो सोडीत जावा. आज केलेल्या व्यायामाची कळ दुसऱ्या दिवशींही टिकली, तर एक पायरी खालीं उतरावें.

कशाला भ्यावें आणि कशाला भिऊं नये, हेंही घरच्यांना ठाऊक असावें. जखमेभोंवतीं काळेनिळेपणा, थोडी सूज, व्रणाखालीं लागणारी कठीण वळी, कातडीला आलेला बधिरपणा, हीं लक्षणें बहुधा निरुपद्रवी असतात व कालांतरानें कमी होतात. परंतु ताप, जखमेंतून पू, वाढत जाणारी वेदना, पोट फुगून होणाऱ्या उलट्या, लघवी अडणें किंवा पोटरीला सूज येणें, यांपैकीं कांहींही दिसल्यास त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. तीन महिने उलटूनही जांघेंतील वेदना राहिली तर ती मुकाट्यानें सोसूं नये. अशी त्रासदायक वेदना सुमारें दहांपैकीं एका रोग्याला होते, आणि तिच्यावर उपचार आहेत.

या सर्व उपदेशाला एक अट आहे, ती म्हणजे विश्रांतीची सवड. कचेरींतील गृहस्थाला रजा मिळते. पण हमाल, गवंड्याच्या हाताखालचा मजूर, धुणीभांडी करणारी बाई, यांचा रोज बुडतो, म्हणून दहाव्या-बाराव्या दिवशींच तीं पुन्हां ओझ्याखालीं वांकतात. स्वतःच्या घरांतील गृहिणीचीही गत पुष्कळदां निराळी नसते; तिची रजा मंजूर करणारें कोणीच नसतें. अशा वेळीं ज्या घराला त्यांच्या कष्टांची संवय झाली आहे, त्या घरानें सहा आठवडे पाण्याची बादली स्वतः उचलावी, आणि कामकरणीचा पगार न कापतां तिला हलकें काम द्यावें. शल्यवैद्यानें घातलेले टांके टिकण्यास याहून मोठें साहाय्य दुसरें नाहीं.