बिऱ्हाड बदलल्यावर टपालाची व्यवस्था

बिऱ्हाड बदलतांना मनुष्य भांडींकुंडीं मोजतो, पाटावरवंटा मागें राहिला नाहीं ना हें पाहतो. परंतु पोस्टांत नवा पत्ता कळविण्याची आठवण त्यास बहुधा पहिलें पत्र चुकल्यावरच होते. संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम बदलणाऱ्याची गत याहून फारशी निराळी नसते. विंडोज १० या सिस्टीमचा सर्वसाधारण सांभाळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला आणि अनेक घरीं तिच्या जागीं विंडोज ११ आली. पडदा झळकूं लागतो, छायाचित्रें जागच्या जागीं दिसतात, आणि मग घरांतील वडील माणूस विचारतें, "सगळें आलें खरें, पण पत्रें कोठें आहेत?"

श्रोत्यांनीं असे एक निवृत्त गृहस्थ डोळ्यांपुढें आणावे. त्यांची कन्या २००३ सालीं परदेशीं गेली आणि पुढें सहा वर्षें ई-मेलनें मराठींत पत्रें लिहीत राहिली. मागाहून फोन स्वस्त झाला, पडद्यावर समोरासमोर बोलतां येऊं लागलें, आणि पत्रें थांबलीं. नातवाचा पहिला दांत, पहिला शब्द, शाळेचा पहिला दिवस, हें सर्व त्या सहा वर्षांच्या पत्रांतच काय तें उरलें आहे. असे गृहस्थ गांवोगांव सांपडतील. आणि त्यांच्यापुढें जो प्रश्न येतो तो 'कोणता प्रोग्रॅम दिसावयास बरा' हा नसून 'हीं पत्रें कोणाच्या हातीं सोंपवावीं' हा असतो.

याचें उत्तर देण्यापूर्वीं पत्रें राहतात कोठें हें समजून घेणें अवश्य आहे. ई-मेल घरीं आणण्याच्या दोन रीती आहेत. पॉप ही जुनी रीत १९८४ सालची. तींत प्रोग्रॅम दूरच्या टपालघरीं जातो, आलेलीं पत्रें उचलतो आणि घरच्या संगणकांत आणून ठेवतो. प्रत ठेवण्यास मुद्दाम सांगितलें नसेल तर तिकडे मागें कांहीं उरत नाहीं. दुसरी रीत आयमॅप. मार्क क्रिस्पिन यांनीं ती १९८६ सालीं स्टॅनफर्ड येथें आंखली. तींत पत्रें टपालघरच्या खणांतच राहतात आणि घरचा प्रोग्रॅम ती केवळ वाचावयास दाखवितो. आयमॅपवाल्यानें प्रोग्रॅम दहा वेळां बदलला तरी त्याचें कांहीं बिघडत नाहीं. मात्र इकडे पुसलेलें पत्र तिकडूनही पुसलें जातें, हें त्यानें विसरूं नये. खरी काळजी पॉपवाल्यास. त्याची पत्रें जगांत एकाच ठिकाणीं असतात, आणि तें ठिकाण म्हणजे टेबलाखालची ती पेटी.

आपले गृहस्थ पॉपवाले होते. त्यांच्या संगणकावर विंडोज एक्सपी आणि तिच्याबरोबर फुकट येणारा आऊटलुक एक्स्प्रेस होता. हा प्रोग्रॅम एका खणांतील सर्व पत्रें मिळून डी-बी-एक्स जातीची एकच फाईल करीत असे, आणि ती फाईलही सहसा दृष्टीस न पडणाऱ्या एका आडबाजूच्या फोल्डरमध्यें ठेवीत असे. पत्रें 'माय डॉक्युमेंट्स'मध्यें असतील अशा समजुतीनें तेवढाच फोल्डर उतरवून घेणारे पुष्कळ. त्यांच्या हातीं शेवटीं पत्रांखेरीज सर्व कांहीं लागे.

२०१० सालीं त्यांच्या जांवयानें विंडोज ७ बसविली. एक्सपीवरून थेट ७ वर चढण्याची सोय नव्हती. नवी सिस्टीम कोरी बसवावी लागे, आणि डिस्क पुसली नसेल तर जुना पसारा 'विंडोज ओल्ड' नांवाच्या फोल्डरमध्यें सारला जाई. जांवयानें डिस्क पुसली नाहीं, हें दैव. परंतु विंडोज ७ मध्यें टपालाचा प्रोग्रॅमच दिलेला नव्हता! विंडोज लाइव्ह मेल नांवाचा प्रोग्रॅम निराळा उतरवून घ्यावा लागला. त्यास तो जुना फोल्डर दाखवितांच त्यानें डी-बी-एक्स फाईली उलगडून प्रत्येक पत्राची ई-एम-एल जातीची स्वतंत्र फाईल केली. ही गोष्ट त्या वेळीं कोणाच्या ध्यानांतही आली नसेल. पण त्या पत्रांच्या नशिबांत याहून मोठा लाभ नव्हता. ई-एम-एल म्हणजे तारीख, मजकूर आणि सोबतचीं चित्रें यांसह एक संपूर्ण पत्र, आणि तें कोणाही एका कंपनीच्या कुलपांत नसतें.

पुढचा इतिहास थोडक्यांत असा. लाइव्ह मेलचा सांभाळ जानेवारी २०१७ मध्यें संपला. गृहस्थांचें खातें मधल्या काळांत जीमेलवर गेलें होतें. तेथें मे २०२२ अखेर नुसता नेहमींचा पासवर्ड सांगणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमांस दार बंद झालें. विंडोज १० सोबत आलेला मेल हा प्रोग्रॅम सोपा व सुटसुटीत होता, परंतु ३१ डिसेंबर २०२४ रोजीं त्याचाही आधार काढून घेण्यांत आला. पंधरा वर्षांच्या आंत एकाच कंपनीनें इतक्या वेळां टपालवाला बदलावा, हें पाहून कोणाही वडीलधाऱ्या माणसानें सावध व्हावें.

आतां विंडोज ११ वर निवड काय आहे? पहिला समोर येतो तो नवा आऊटलुक. तो फुकट आहे आणि आयता बसलेला असतो. परंतु त्यांत जीमेलसारखें परकें खातें जोडलें म्हणजे त्या पत्रांची प्रत मायक्रोसॉफ्टच्या यंत्रांवरही ठेवली जाते; हें तो खातें जोडतांना सांगतो, पण तेवढें वाचतो कोण? फुकट वापरणाऱ्याच्या पत्रांच्या यादींत जाहिरातीही डोकावतात. दुसरी वाट ब्राउझरमधूनच पत्रें वाचण्याची. ज्याचीं सर्व पत्रें आयमॅपच्या रीतीनें टपालघरींच आहेत, त्यानें निराळ्या प्रोग्रॅमचा व्याप करूं नये हें उत्तम. पण घरच्या डिस्कवरील जुनें बाड ब्राउझरच्या कामाचें नाहीं.

त्यासाठीं थंडरबर्ड बरा. त्याची पहिली पूर्ण आवृत्ति डिसेंबर २००४ मध्यें निघाली. मोझिलानें २०१२ सालीं त्याजवरचें लक्ष कमी केलें तेव्हां तोही जाणार अशी हांकाटी झाली, पण लोकांच्या देणग्यांवर तो तगला. तो फुकट असून विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिहींवर चालतो. त्याचें रूप थोडें रुक्ष आहे, आणि पुसलेल्या पत्रांची जागा 'कॉम्पॅक्ट' केल्यावांचून मोकळी होत नाहीं, ही त्याची खोड प्रथम त्रास देते. परंतु पत्रें तो सामान्यतः एमबॉक्स या जुन्या, साध्या रीतीनें एकाखालीं एक लिहून ठेवतो. साध्या मजकुराच्या प्रोग्रॅमनेंही ती फाईल उघडतां येते. खातीं, पत्ते, पत्रें सर्व मिळून एक 'प्रोफाइल' फोल्डर असतो. प्रोग्रॅम बंद करून तो उचलून ठेवला म्हणजे सारें टपाल उचललें. उद्यां थंडरबर्डही राहिला नाहीं, तरी पत्रें त्याच्याबरोबर जाणार नाहींत. निवडींत हा एक गुण बाकी साऱ्या गुणांहून जड मानावा.

मराठी पत्रांची अडचण आणखी एक आहे. युनिकोड रुळण्यापूर्वीं मराठी मजकूर जुन्या फाँटांत लिहिला जाई. त्यांत संगणकास कळत ती रोमन अक्षरें, आणि पडद्यावर देवनागरी दिसे ती फाँटाच्या कृपेनें. तो फाँट नव्या सिस्टीमवर नसेल तर 'चि. बाबांस' याच्या जागीं अर्थहीन रोमन अक्षरांची रांग उभी राहते आणि पत्र बिघडलें असें वाटून माणूस तें पुसून टाकतो! पत्र बिघडलेलें नसतें. जुन्या संगणकाच्या 'फाँट्स' फोल्डरमधून ती एक फाईल आणावयाची राहिलेली असते.

गृहस्थांनीं विंडोज ११ बसविण्याच्या आधीं लाइव्ह मेलचा सबंध फोल्डर आणि तो फाँट दोन निराळ्या पेनड्राइव्हांवर घेतला, आणि नव्या सिस्टीमवर प्रथम फाँट, मग थंडरबर्ड बसविला. सगळीं पत्रें एकदम न ओतता त्यांनीं २००४ मधील एकच ई-एम-एल फाईल माउसनें धरून थंडरबर्डच्या रिकाम्या खणांत सोडली. तारीख बरोबर आली. खालीं जोडलेलें छायाचित्र उघडलें. मजकूर मात्र पहिल्या खेपेस रोमनच दिसला. प्रोग्रॅम बंद करून पुन्हां उघडल्यावर तो देवनागरींत उमटला, आणि पहिल्याच ओळींत नातवाला दांत आल्याची बातमी होती. उरलेलीं पत्रें त्यांनीं दुपारभर बसून एकेक साल करून आंत घेतलीं.