कोपीतला हिवाळा



चिटणीसांनी आम्हांला विषय दिला तो 'कौटुंबिक जीवन' असा. आम्ही कामगारांच्या चळवळीत तीस वर्षे काढली. शाळा चौथीपर्यंतची, आणि पुढचे जे काही वाचले ते मिळेल तिथे व मिळेल तसे. तेव्हा कुटुंबावर शास्त्रशुद्ध असे आमच्या तोंडून काही निघणार नाही. आम्हांला जे कुटुंब आतून माहीत आहे ते ऊसतोड कामगाराचे, आणि त्यातही त्याचे हिवाळ्याचे दिवस. तेवढेच सांगतो.

आपली व्याख्यानमाला भरते त्या दिवसांत आमच्याकडची माणसे परतलेली असतात. कारखान्यांचा पट्टा पडला की आष्टी, पाटोदा, धारूर, पाथर्डी ह्या बाजूच्या गावांत बंद घरांची कुलुपे निघतात. दिवाळीच्या आगेमागे गेलेली ही माणसे चैत्राच्या सुमारास घरी येतात. मधला सगळा हिवाळा कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, नाही तर थेट कर्नाटकात, उसाच्या फडात जातो. आपणांपैकी अनेकांना हिवाळा म्हणजे हुरडा आणि गुलाबी थंडी. त्यात वाईट काही नाही. थंडी अंगावर शाल असलेल्याला गोडच लागते.

पण हंगाम हिवाळ्यातच का, हे समजून घेतले पाहिजे. कोरड्या हवेत, थंड रात्रींत उसात साखर भरते. कारखान्याच्या भाषेत उतारा वाढतो. म्हणजे ज्या थंडीने लेकरू रात्रभर खोकते, तीच थंडी उसाला गोडी आणते. दुसरे असे की तोडलेला ऊस ठेवून चालत नाही. त्याचे वजन घटते, साखर घटते, म्हणून तो लवकरात लवकर गव्हाणीत पडावा लागतो. आणि कारखाना एकदा पेटला की रात्रंदिवस चालतो. त्याच्या पोटाला खंड नको म्हणून ट्रक रात्री अकराला आला तर अकराला भरायचा, दोनला आला तर दोनला. कुणी मुद्दाम दुष्टपणा केला नाही तरी एवढ्यानेच कुटुंबाची रात्र मोडते.

आता कोपी. बांबूच्या कामट्या, वर चटई किंवा ताडपत्री, आत वाकून शिरायचे. चूल दाराशी, अंथरूण पाचटावर. बाई पहाटे तीन-साडेतीनला उठते, भाकरी थापते आणि अंधारातच फडाकडे निघते. पोर अंगावर पिणारे असेल तर बरोबर नेते. बांधावर पाचट पसरून त्यावर निजवते, झाड असले तर झोळी बांधते. उसाच्या पाल्यावर दहिवर इतके असते की पहिल्या तासाभरात लुगडे गुडघ्यापर्यंत भिजते, आणि त्याच भिजल्या अंगाने मूल पाजायचे. पाते हाताला चिरते ते वेगळेच. पोर चालते असेल तर ते कोपीतच राहते, आणि त्याच्यापाशी सातआठ वर्षांची बहीण किंवा भाऊ.

असे राखण करणारे भाऊ आम्हीही होतो. १९७७ च्या जानेवारीतली गोष्ट. आम्ही सात वर्षांचे, बहीण दीड वर्षाची. वडील बैलगाडी घेऊन रात्रभर कारखान्याच्या काट्यावर रांगेत अडकलेले. आई पहाटे मोळ्या बांधायला गेली. जाताना घमेल्यात विस्तव ठेवून गेली आणि म्हणाली, "बाळा, तिला ऊब दे, पण झोपू नको." आम्ही झोपलो. जाग आली ती तिच्या ओरडण्याने. गोधडीचा कोपरा पेटला होता आणि तिची पोटरी भाजली होती. वडिलांनी आम्हांला मारले नाही. मारले असते तर बरे, असे पुष्कळ वर्षे वाटत असे.

आई चार दिवस तिला घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात होती. दुसरीत आम्ही अंक वाचायला शिकलो होतो, म्हणून मुकादमाची वही आम्हांला कळली. त्यात चार खाडे मांडले होते. शाळेबाहेर आम्ही वाचलेले पहिले लिखाण ते.

ह्या खाड्याचा अर्थ शहरातल्या माणसाला चटकन कळत नाही. फडावर 'कोयता' म्हणजे हत्यार नव्हे, कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकाने तोडायचे, दुसऱ्याने मोळी बांधायची, दोघांनी वाहायची. उचल जोडीला मिळते, टन जोडीच्या नावावर पडतो. आई आजारी पोरापाशी थांबली तर निम्मा कोयता उभा राहत नाही, सगळाच बसतो. अंगावर घेतलेल्या उचलीतून फिटायचे ते राहते आणि पुढच्या साली त्याच मुकादमाकडे जावे लागते. म्हणून ताप आलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवणारी आई मनात टनांचा हिशेब करीत असते. "कसल्या आया ह्या, विस्तवाशी पोर टाकून जातात," असे आम्ही चांगल्या सुशिक्षित माणसांच्या तोंडून ऐकले आहे. त्यांना एवढेच विचारावेसे वाटते की, ठेवायचे कुठे?

आणि हा प्रश्न आम्हांलाही वीस वर्षे सुचला नाही, हे आज ह्या व्यासपीठावरून कबूल करतो. आम्ही मागण्यांचे कागद किती लिहिले! टनाचा दर, मुकादमाचे कमिशन, विमा. आमच्या एका कागदावर बैलाच्या विम्याची मागणी होती. लेकराच्या पाळण्याची नव्हती. एकदा संपाच्या आधी तळावर सभा घेतली. भाषण संपल्यावर मागे बसलेली एक बाई, कडेवर पोर तशीच उभी राहिली. म्हणाली, "भाऊ, भाव मागताय तर मागा. पन ह्याला कुठं ठिवू, ते बी एकदा इचारा की त्यांना." हातातली वही मिटून आम्ही खाली बसलो. बहिणीच्या पायावरचा डाग रोज पाहणारा माणूस, त्याला हे एका परक्या बाईने सांगावे लागले.

१९४८ च्या कारखाने कायद्यात स्त्री-कामगारांच्या मुलांसाठी पाळणाघराची तरतूद होती. त्याच साली प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याची नोंदणी झाली. पण कायद्याचा कारखाना फाटकाच्या आत होता. ऊस फाटकाबाहेर तुटतो, आणि तोडणारी बाई कोणाची कामगार, ह्याचे उत्तर कारखाना मुकादमाकडे बोट करून देत आला.

काहीच झाले नाही असे नाही. साखरशाळा निघाल्या, गावाकडे हंगामी वसतिगृहे निघाली, २०१९ साली गोपीनाथ मुंडे ह्यांच्या नावाने कल्याण महामंडळ झाले, जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळाली. ह्यांतल्या प्रत्येक गोष्टीचे मोल आम्ही जाणतो. परंतु वसतिगृह शाळेच्या वयाच्या मुलाला. पाळण्यातले आणि रांगते मूल आईबरोबरच जाते. १९७५ पासून अंगणवाडी आहे, आणि तिच्या सेविका कष्टाळू असतात. पण अंगणवाडी उघडते तेव्हा आमच्या बाईने अर्धा दिवस भरलेला असतो.

आम्ही एका तळावर एक हंगाम प्रयोग केला. टोळीत कंबर गेलेली एक म्हातारी होती. तिला जोड्यांनी मिळून पैसे द्यायचे ठरवले. एका शेतकऱ्याने गुरांचा रिकामा गोठा दिला. पहाटे चारला पोरे तिच्या स्वाधीन, चौदा जण. पहिले आठ दिवस रडारड, मग पोरे तिला सोडीनात. खाडे कमी झाले, हे मुकादमानेच आम्हांला सांगितले. पुढे फड आठ किलोमीटरांवर गेला. पाजायला येणे आयांना जमेना, तेव्हा अंगावरची पोरे पुन्हा बांधावर आली आणि मोठी तेवढी म्हातारीकडे राहिली. म्हणजे पाळणाघर फडामागे फिरते हवे, आणि त्याचा पैसा जोडीच्या खिशातून नव्हे, टनावर कारखान्याकडून हवा. येत्या करारात आम्ही हे मागणार आहोत. उसाची वाहने फडापर्यंत पोहोचतात. चार खांबांचा तंबू पोहोचणार नाही, हे आम्हांला कुणी पटवून द्यावे.

कोपीत नुसते रडणेच असते असे मात्र समजू नका. संध्याकाळी चुलीवर पाणी तापते, आई पोरांना अंघोळ घालते, त्या वेळी तळावर जो गलका होतो तो ऐकण्यासारखा असतो. आपल्याकडे संक्रांतीत मुलांना बोरन्हाण घालतात. त्यांत बोरे, चुरमुरे, उसाचे करवे असतात. आम्ही एका बाईला बांधावरच्या बोरीची मूठभर बोरे पोराच्या डोक्यावर ओतताना पाहिले. करवे नव्हते. आजूबाजूला उसाशिवाय काही नव्हते, पण तिने सोलून घातले नाहीत. विचारले तर म्हणाली, "त्याला बघून बघून वीट आलाय."

आमची बहीण पुढे वीस हंगाम फडावर गेली. आता ती आजी झाली आहे. गेल्या दोन वर्षांपासून ती गावीच राहते, कारण नातू दीड वर्षाचा होता तेव्हाच तिने सुनेला सांगून टाकले की, हा येणार नाही, ह्याला मी सांभाळीन. थंडी पडली की पोटरीवरचा डाग खाजतो, असे ती सांगते. आम्ही घरी गेलो की त्यावर तेल लावून घेते, आणि आम्ही लावतो.